मागाच्या मागे

डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आम्हा फ्रीलान्सर मंडळींचा भाकड काळ. संपादक गोव्याला, पीआरवाले लोणावळ्याला आणि आपलं पेमेंट… ते तर बारा महिने सुट्टीवरच! अशा वेळी करण्यासारखं एकच काम उरतं. वर्षभराची डायरी काढायची आणि स्वतःचा हिशेब मांडायचा. मी परवा तो मांडायला बसले आणि खरं सांगते, पंधरा मिनिटांत डायरी मिटून ठेवावीशी वाटली.

ही डायरी मी गेल्या १ जानेवारीला मोठ्या हौसेने आणली होती. प्रत्येक पानावर पट्टीने तीन रकाने आखले. निळ्या पेनाने काम, हिरव्या पेनाने गाणं, लाल पेनाने घर. ‘लाइफमध्ये बॅलन्स कसा साधाल?’ या विषयावर मी आजवर किमान पाच-सहा फीचर्स पाडली आहेत, शेवटी पाच टिप्सची चौकट टाकून. म्हटलं, एकदा स्वतःच्याच टिप्स स्वतःवर वापरून बघू. आठवड्याला तीन असाइनमेंट्स, दोन दिवस क्लास, रविवार पूर्ण घराचा. कागदावर सगळं कसं छान दिसत होतं!

पण कागदावर भिवंडी दिसत नाही ना. मी राहते भिवंडीत. आमच्या शहराला रेल्वे स्टेशन आहे, पण ते वसई-दिवा मार्गावर. ठाणे-कल्याणसारखी दर चार मिनिटांनी येणारी लोकल आमच्या नशिबी नाही. त्यामुळे मुंबईत मीटिंग असली की आधी शेअर रिक्षा किंवा बस पकडून ठाणं गाठायचं. रस्त्यात गोडाऊनकडे वळणारे कंटेनर. कशेळीच्या पुलावर अडकलात तर तुमचं नशीब. माझी गाण्याची बाई ठाण्यात, माझे संपादक अंधेरीत आणि लोअर परळमध्ये, आणि माझं घर अशा बिल्डिंगमध्ये की जिच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. रात्रंदिवस खटाक्-खटाक्. पाहुणे आले की विचारतात, ‘तुम्हाला झोप कशी लागते?’ आम्हाला झोप लागते, उलट लाइट गेली आणि माग थांबले की आम्ही दचकून जागे होतो!

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

तर हिशेब. निळा रकाना गच्च भरलेला. ब्यूटी ब्रँडसाठी लिहिलेलं ‘कंटेंट’, एका बिल्डरचं ब्रोशर, मॉन्सून गेटअवेज, ऑफिसच्या डब्यासाठी सात हेल्दी पदार्थ (सातातला एकही मी करून बघितलेला नाही) आणि मनापासून केलेल्या मोजून चार स्टोऱ्या. हिरवा रकाना एप्रिलपर्यंत बरा, जूननंतर विरळ. नोव्हेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला होता, परीक्षा दिली नाही. आणि लाल रकान्यात गॅस बुकिंग, बाबांचा चष्मा, ‘बघायला येणार आहेत, साडी नेस’ या आईच्या हुकमाची नोंद, आणि या सगळ्यात पुन्हा पुन्हा एकच ओळ. ‘आजी – रेकॉर्डिंग.’ मी मोजलं. जूनपासून ऑगस्टपर्यंत अकरा वेळा. दर वेळी पुढे बाण काढलेला, म्हणजे पुढच्या रविवारी.

आजी – रेकॉर्डिंग म्हणजे काय, ते सांगायला हवं. माझी आजी धवलारीण. तुमच्यापैकी कोणी ठाणे-रायगडकडचं आगरी लग्न जवळून पाहिलं असेल तर लगेच कळेल. आमच्याकडे पूर्वी लग्न लावायला भटजीच हवा असं नव्हतं. मांडव पडल्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं. त्या गाण्यांना म्हणायचं धवले, आणि ती म्हणून विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. ती गाणार तेव्हा पुढचं पाऊल पडणार. आजीला हे तिच्या आत्याकडून मिळालं. अक्षरओळख नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. मोबदला काय, तर साडी, नारळ, तांदूळ आणि पाकिटात असतील तेवढे पैसे. बाकीचे दिवस ती भाताची लावणी करायची, मासळी विकायची, पाच पोरं सांभाळायची. तिला कोणी ‘तुम्ही आर्टिस्ट आहात का?’ असं विचारलं असतं तर ती फिस्सकन हसली असती.

आणि हे प्रकरण लहानसहान नाही बरं का. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती महदंबा, महानुभाव पंथातली, तेराव्या शतकातली. तिची गाजलेली रचना कुठली? ‘धवळे’! कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. म्हणजे मराठी बाईची कविता आपल्याला पहिल्यांदा सापडते तीच मुळी लग्नघरात. मास कॉमला असताना माझ्या नोट्समध्ये महदंबा होती, दोन मार्कांचा प्रश्न म्हणून. आणि घरी तीच परंपरा सुपात तांदूळ निवडत बसलेली. पण हे दोन ठिपके जोडायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.

जोडले तेही मी नाही, बाईंनी. जूनमध्ये क्लासला एकदा बाकीच्या मुली पावसामुळे आल्याच नाहीत. बाई म्हणाल्या, ‘आज यमन राहू दे, तुमच्याकडचं काहीतरी म्हण.’ मी आजीच्या हळदीच्या गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या. बाईंनी त्या पुन्हा म्हणायला लावल्या. डोळे मिटून ऐकल्या. म्हणाल्या, ‘पुढचं?’

पुढचं मला येत नव्हतं.

त्या रात्री साडेनऊला घरी आले आणि लाल पेनाने लिहिलं, ‘आजी – रेकॉर्डिंग.’ आजी तर काय, एका पायावर तयार. गावची जमीन गोडाऊनखाली गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते आणि हाताला काम नाही म्हणून कावते. मला लॅपटॉप उघडताना बघितलं की म्हणायची, ‘ये गो बाय, बस. सांगतंय ते लिव्ह.’ मी म्हणायचे, ‘रविवारी, आजी. पक्कं.’ रविवारी कोणाची तरी सोमवारची डेडलाइन निघायची. तिने कधीही चिडचिड केली नाही. आठवण केली, पण चिडचिड नाही. आता वाटतं, जरा भांडली असती तर बरं झालं असतं.

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तयारीच्या दिवसांत, आजी सकाळी चहाचा कप उचलायला गेली आणि कप हातातून पडला. उजवा हात लुळा, तोंड वाकडं. हॉस्पिटलमध्ये नेलं, जीव वाचला. पण बोलणं गेलं. डॉक्टरांनी त्याला वाचाघात म्हटलं. तिला सगळं कळत होतं, समोरच्याला ओळखत होती, फक्त शब्द सापडत नव्हता. पाणी हवं असलं तरी ‘ते… ते…’ करत डोळ्यांत पाणी आणायची. चाळीस-पन्नास गाणी तोंडपाठ असणारी बाई!

त्या रात्री वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर मी आणि बाबा. बाबांनी आयुष्यभर यंत्रमागाच्या कारखान्यात मेहता म्हणून नोकरी केली. मागावरून उतरलेला तागा टेबलावर उजेडात पसरायचा, दोष दिसेल तिथे खूण करायची, मीटर मोजायचे, हे त्यांचं काम. आम्ही दोघं फारसं बोलत नाही. पण मी त्यांना डायरीबद्दल सांगितलं, त्या अकरा बाणांबद्दल. रडले बिडले नाही, नुसतं सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले,

‘बाय, आमचा जुना माग बघितलायस ना? त्यात आडवा धागा तुटला, बाणा, तर माग आपोआप थांबतो. पुढे एक काटा असतो. त्याला धागा लागला नाही की खटकन बंद. कारागीर धावत येतो. पण उभी तार तुटली, ताण्यातली, तर या मागाला कळत नाही. तो चालूच. कापड पडतच राहतं. फक्त त्यात एक बारीक उभी रेघ राहते. माझ्या टेबलावर आल्यावर मला दिसायची. तोवर कितीतरी मीटर निघून गेलेलं असायचं.’

‘मग काय करायचात?’

‘काय करणार? झालेलं कापड झालं. सेकंड म्हणून विकायचं.’

अठ्ठावीस वर्षं या शहरात राहून, त्या खटखटीवर झोपून मला हे माहीत नव्हतं. मी भिवंडीच्या यंत्रमागांवर दोन मोठ्या स्टोऱ्या केल्या आहेत. विजेचे दर, सुताचे भाव, बंद पडणारे कारखाने, सगळं लिहिलं. काय, कोण, कधी, कुठे, का, सगळे प्रश्न सगळ्यांना विचारले. घरातल्या मेहतांना मात्र एकही विचारला नाही.

बाबांचं बोलणं माझ्या डोक्यात तेव्हापासून फिरतंय. डेडलाइन चुकली की फोन वाजतो. ईएमआय चुकला की मेसेज येतो. हे आपले आडवे धागे. तुटले की सगळं खटकन थांबतं, म्हणून आपण तिकडे धावतो. पण रियाज चुकला तर कोणाचा फोन येतो? आजीजवळ बसायचं राहिलं तर कुठला अलार्म वाजतो? काहीही थांबत नाही. आपण कामाला जातो, जेवतो, फोटो टाकतो, सगळं व्यवस्थित चालू. माग चालूच असतो, फक्त कापडात एक रेघ पडत जाते. मी माझे तीन रकाने सारख्या रुंदीचे आखले होते खरे. पण तीनपैकी एकच रकाना ओरडतो, बाकीचे दोन गप्प असतात, हे कुठल्याच टिप्समध्ये नव्हतं. निदान मी लिहिलेल्या टिप्समध्ये तरी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग सोड ना ते ब्रोशर-बिशर, कलेला वाहून घे. असं करणारे असतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, आफ्रिकेतही प्रॅक्टिस करून आले, आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६९ साली, सगळं सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर उतरले. त्यांना साष्टांग नमस्कार. पण मला जास्त आठवतात त्या इंदिरा संत. १९४६ साली नवरा गेला, पदरी तीन मुलं. बेळगावात शिक्षिकेची नोकरी केली, पुढे प्राचार्य झाल्या, आणि त्या सगळ्यातून कविता लिहीत राहिल्या. ‘गर्भरेशीम’ला साहित्य अकादमी मिळालं १९८४ साली. अडतीस वर्षांनी! कुठलाही रकाना बंद न करता.

आणि खरं बोलायचं तर निळा रकाना माझा शत्रू नाहीच. ऑगस्टनंतर आजीची फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी कुठल्या पैशांतून झाली? बिल्डरच्या ब्रोशरच्या! हेल्दी डब्याच्या सात पदार्थांनी आजीला उजव्या हाताने वाटी धरायला शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल.

त्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनीच आम्हाला एक वेगळी गोष्ट सांगितली. बहुतेकांच्या मेंदूत शब्द जुळवून बोलण्याचं काम डावी बाजू करते, पण सूर आणि लय सांभाळण्यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. त्यामुळे डाव्या बाजूला इजा होऊन बोलणं गेलेली काही माणसं पाठ असलेलं गाणं मात्र म्हणू शकतात, शब्दांसकट. ‘यांना एखादं गाणं येतं का?’ त्यांनी विचारलं. मी आणि आई एकमेकींकडे बघत राहिलो. एखादं?

सुरुवातीला काही जमलं नाही. मला येत होत्या त्या दोनच ओळी मी म्हणायचे आणि आजी माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मग ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी मी दुसरी ओळ म्हणून थांबले आणि तिसरी आजीच्या तोंडून आली. अडखळत, जीभ जड, पण आली. चाल अचूक. नंतर चौथी. पाचवीला थांबली आणि हाताने ‘गेली’ अशी खूण केली. आईने स्वयंपाकघरातून येऊन गॅस बंद केलाय की नाही हेही बघितलं नाही, भाजी करपली. मी फोनवरचं रेकॉर्डिंग सुरू करायला विसरले होते. घ्या, पत्रकार!

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चुलतभावाचं लग्न झालं. या लग्नात आजी गाणार असं वर्षापूर्वी ठरलं होतं. आता दुसऱ्या गावची धवलारीण बोलावली. बाहेर डीजे दणदणत होता, तरी आत मांडवाच्या खांबाशी तिने धवला धरला. आजी खुर्चीत, शाल पांघरून. गाणं अर्ध्यावर आलं आणि आजीने डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर जोरात थाप मारली. पुन्हा मारली. सगळे घाबरले, काय झालं? त्या बाई मात्र गायच्या थांबल्या आणि हसल्या. म्हणाल्या, ‘आये, चुकलं. मधलं कडवं ऱ्हायलं.’ त्यांनी मधलं कडवं म्हटलं, आजीची मान हलली, लग्न पुढे सरकलं.

या वेळी फोन चालू होता.

आजवर माझ्या वहीत साडेअकरा गाणी उतरली आहेत. तीन त्या धवलारणीकडून ताडून घेतली. ठिकठिकाणी ओळी रिकाम्या आहेत. तिथे मी आठवेल तसं काहीतरी भरू शकले असते, शब्दांशी खेळणं हा तर माझा धंदा! पण नाही भरलं. ज्या ओळी गेल्या त्या माझ्या अकरा बाणांमध्ये गेल्या, आणि ती रेघ त्या कापडात दिसायलाच हवी. बहिणाबाई चौधरींची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून त्या गेल्यावर, १९५२ साली, महाराष्ट्राला मिळाली. त्यांच्या घरात कोणीतरी ‘रविवारी’ म्हटलं नाही, एवढंच.

अजून एक गोष्ट या वर्षाने शिकवली. आमच्या जिल्ह्याच्या बाजूच्याच वारली लग्नात चौक लिहायच्या त्या सुवासिनी, आणि शेजारी धवलेरी गात असायची. १९७०च्या दशकात ते चित्र भिंतीवरून कागदावर आलं, जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते मोठे कलावंतच होते. पण चित्र घराबाहेर पडलं तेव्हा ते ‘आर्ट’ झालं, ‘करिअर’ झालं. त्याआधी ते नुसतं ‘लग्नाचं काम’ होतं आणि चितारणाऱ्या बायांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. गाण्याला तर भिंतही नसते. म्हणजे कला, करिअर आणि फॅमिली असे तीन रकाने ही आपली, डायरीवाल्यांची सोय. आजीच्या आयुष्यात असे रकाने नव्हतेच. तिचं जगणं फार सुखाचं होतं असं मुळीच नाही. तिच्या कष्टांवर मला गोडगोड लिहायचं नाही. पण गाणं नंतर, आधी काम संपवू, असं तिने कधी म्हटलं नसावं. कारण तिचं काम संपणारच नव्हतं.

नवी डायरी काल आणली. रकाने आखलेले नाहीत. बॅलन्स साधण्याचा संकल्पही नाही, तो मी फीचरपुरता राखून ठेवलाय. बाबांना विचारलं, तार तुटलेली मागाला कळत नाही, मग चांगल्या कारागिराला कशी कळते? ते म्हणाले, ‘तो पुढ्यात उभा राहून कापडच बघत बसत नाही. मधूनमधून फेरी मारतो. मागाच्या मागे जातो, ताण्यावरून हात फिरवतो. तुटली असेल तर तिथेच गाठ मारतो.’

तेवढंच लिहिलंय पहिल्या पानावर. दर रविवारी सकाळी अकरा ते साडेबारा, मागाच्या मागे. फोन दुसऱ्या खोलीत. (रेकॉर्डिंगसाठी वेगळा रेकॉर्डर घेतलाय, सेकंडहँड.) त्या दीड तासात कोणाला सात हेल्दी पदार्थ हवे असतील तर त्यांनी कृपया साडेबारानंतर फोन करावा.

बाईंकडेही परत जाते आहे. परवा फोन केला तेव्हा त्यांनी परीक्षेचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, ‘पुढचं आलं का?’

म्हटलं, हो. थोडं आलंय. थोडं येणार नाही.